सिद्ध झाली नाही

तळेरे, घाडीवाडी
दि. १९ जानेवारी २०२५

चि. डॉ. योगिनी हिस,
सुशीलावहिनीचा आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून लिहायला बसले आहे. तुझा जुना नंबर लागत नाही. लावला की एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि फोन बंद पडतो. म्हणून हे पत्र तुझ्या मालवणच्या घरी टाकते. आई पोचतं करेल.

इकडची खबर अशी की काजूला मोहोर बरा आहे, थंडी टिकली तर पीक चांगलं येईल. ह्यांचा उजवा गुडघा दुखतो, पण ऐकत नाहीत, बागेत जातातच. अंगणवाडीत यंदा एकोणीस मुलं आहेत. आमच्या तेजस्वीला मुलगी झाली, मी आजी झाले. डोंबिवलीलाच असते ती. तू तिच्या लग्नात मेंदी काढली होतीस, त्याचे फोटो ती अजून सासरी दाखवते. गोठ्यात आता एक गाय आणि तिचं वासरू. काजळीनंतर म्हैस परत घेतली नाही.

तुझ्या खोलीत काजूची पोती ठेवतो. दोघे-तिघे भाड्याने विचारायला आले होते, ह्यांनी नाही म्हटलं. मीही नाहीच म्हटलं. सहा वर्षं तू त्या खोलीत राहिलीस, आता दुसरं कोण तिथे वावरणार.

बरं, पत्र कशासाठी लिहिते ते सांगते. तुझ्या जागी गुरांच्या दवाखान्यात आता डॉ. सर्वेश म्हणून आले आहेत. सावंतवाडीकडचे. परवा लाळ्या-खुरकुताची लस द्यायला आले होते. हात धुताना सहज बोलता बोलता म्हणाले की, तुमच्या पशुवैद्यक परिषदेने नियम बदललाय. ज्या डॉक्टरवर कुणी तक्रार केली आणि ती चौकशीत निराधार ठरली, त्याच्या नोंदीतून ती तक्रार आता पुसून टाकणार. अगदी कधी झालीच नव्हती अशी. फक्त मार्चअखेरपर्यंत अर्ज करायला हवा. मी त्यांच्याकडून अर्जाचा नमुना मागून घेतला. ते जरा बघत राहिले माझ्याकडे, अंगणवाडीच्या बाईला हा अर्ज कशाला हवा म्हणून. सोबत जोडला आहे. भर आणि पाठव. वेळ घालवू नकोस.

झालं ते झालं, योगिनी. चार वर्षं झाली. आमच्या घरातून जी तक्रार गेली ती टिकली नाही, तुला शिक्षा झाली नाही, हे कळलं तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं. ह्यांच्याही मनात आता काही नाही. पण कागदावर नाव राहिलेलं चांगलं नाही, म्हणून म्हणते.

मध्येच उठून अंगण झाडून आले. आज तिसऱ्यांदा झाडलं. झाडांची पानं गळण्याचे दिवस आहेत.

अर्ज केलास की एक ओळ कळव. फोन केलास तर फारच बरं.

तुझी,
सुशीलावहिनी


तळेरे
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनी हिस, आशीर्वाद.

तुझी ओळ आली नाही. तीन आठवडे वाट बघितली. पोस्टमन अंगणवाडीवरून जातो, मुलं आता त्याला बघून माझ्याकडेच बघतात. शेवटी रविवारी सकाळची गाडी धरून कणकवली आणि तिथून मालवण गाठलं. ह्यांना सांगितलं की सेविकांची बैठक आहे.

तुझ्या आईला मी फक्त एकदा पाहिलं होतं, तुला सोडायला आली होती तेव्हा. तरी बाजारात शिरल्यावर लगेच ओळखली. पुढ्यात पेडवे आणि थोडे बांगडे होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"खंयसून इलंस?" त्यांनी विचारलं.

"तळेऱ्याहून. मी सुशीला. योगिनी आमच्याकडे..."

"वळाखलंय," त्या म्हणाल्या. "मासे होये आसले तर बोल. नायतर गिराइकाच्या वाटेत उभी रवा नको."

मी बाजूला एका पायरीवर बसले. दोन तास बसले. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. पेडवे संपले, बांगडे संपले, त्यांनी टोपली धुतली, डोक्यावर घेतली आणि चालायला लागल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी चल म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

माझं पहिलं पत्र तुमच्या घरात देवाच्या फळीवर होतं. तसंच. फोडलेलंही नव्हतं आणि पुढे पाठवलेलंही नव्हतं. म्हणजे अर्जाचा कागद तुला मिळालाच नाही. मला जरा राग आला आणि मी म्हटलं, "मावशी, ह्यात तिच्या फायद्याची गोष्ट आहे. शेवटची तारीख जवळ येतेय."

त्यांनी मग मला बसायला पाट दिला आणि सगळं सांगितलं. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, योगिनी. मी समजत होते की तू मोठ्या जागी गेलीस, घाटावर, म्हणून आमची आठवण काढत नाहीस. त्यांनी सांगितलं की तू फोंडाघाट चढून वर एका खासगी दूध केंद्रावर आहेस, दर वर्षी करार, दर वर्षी धाकधूक. कायमच्या जागेसाठी तीन ठिकाणी मुलाखती दिल्यास. तिन्ही ठिकाणी परिषदेचा दाखला मागितला, आणि तिन्ही वेळा दाखल्यावर एक ओळ आली. ती ओळ तुझ्या आईला पाठ आहे. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, तरी बाजारात भाव सांगावा तशी त्यांनी म्हणून दाखवली.

"'एक तक्रार. सिद्ध झाली नाही.' मगे ते सायब विचारतत, सिद्ध झाली नाय म्हणजे घडलाच नाय असा नाय ना? आता माज्या चेडवान काय सांगूचा?"

मी म्हटलं, "म्हणून तर हा अर्ज."

त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "त्या तक्रारीच्या कागदात एक वाक्य होता. निलेशान माका वाचून दाखवल्यान. आमी मासे इकणारी माणसा, आमका गुरांची पारख नाय. तां कोणी लिवला?"

निलेश तुझा भाऊ, तो समोर दारातच उभा होता.

"तुज्या घोवाक, बाळाक, इतक्या बरा लिवूक येता?" त्यांनी विचारलं.

हे सातवीपर्यंत शिकलेत, तुला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "मी लिहिलं."

"माका दिसलाच," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "ती तुमच्याकडे रवाक गेली त्या आठवड्यात माका फोन केल्यान. म्हणाली, आये, माका थंय भैण गावली."

तुला माझं अक्षर ओळखू आलं असणारच. पशुगणनेचे तक्ते मी तुला लिहून द्यायचे. पण तू कधी विचारलं नाहीस, आणि तू विचारत नाहीस तोवर मी स्वतःला सांगत राहिले की ह्यांनी सांगितलं, मी उतरवून घेतलं. बाकीचा मजकूर तसाच आहे. वाडीतल्या दत्तप्रसादने तेव्हा ग्रामपंचायतीत बसून ह्यांना भरीला घातलं होतं, त्याचेच शब्द आहेत, 'हलगर्जीपणा' वगैरे. पण मासेविक्रीचं ते वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. 'सदर डॉक्टर मासेविक्री करणाऱ्या कुटुंबातील असून त्यांना गुरांची पारख नाही.' ते मी घातलं. तक्रार रिकामी वाटत होती, तिच्यात वजन नव्हतं, म्हणून. ज्या बाईने सहा वर्षं तुझ्या घरून आलेली सुकी मासळी खाल्ली, तिने हे लिहिलं.

निघताना मी तुझा पत्ता मागितला. "पत्तो देवचंय नाय," आई म्हणाल्या. "पत्र दी, मी धाडतंय. वाचूचा काय नाय तां ती ठरवतली." म्हणून बस स्थानकावर बसून हे अर्धं लिहिलं, अर्धं घरी येऊन. दोन्ही पत्रं एकदम मिळतील.

अर्ज कर. मला काय म्हणायचं ते म्हण, पण अर्ज कर.

सुशीला


तळेरे
दि. ६ मार्च २०२५

योगिनीस,

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता न बघता लिहू शकते. "नियम निराधार ठरलेल्या तक्रारींसाठी आहे. माझी निराधार ठरलेली नाही, ती सिद्ध झालेली नाही. दोन्हींत फरक आहे आणि त्या फरकासाठी पुरावा लागतो, तो काजळीबरोबर पुरला गेला. कृपया पुन्हा लिहू नये."

पुन्हा लिहिते आहे. हे एक वाच.

पुरावा पुरला गेला नव्हता. तो माझ्याकडे होता.

त्या दिवशी सकाळी ह्यांनी काजूवर औषध मारलं होतं, मोहोरावर ढेकण्यांची कीड पडली होती. उरलेलं औषध बादलीत, विहिरीजवळ. "ता खड्ड्यात वत, नि बादली उपडी घाल," एवढं सांगून हे पंप घेऊन खालच्या बागेत गेले. मग तू आलीस, काजळीला ताप होता, इंजेक्शन दिलंस, चहा घेतलास, गेलीस. साडेनऊ झाले असतील. मी काजळीला पाण्यावर न्यायला सोडली. तेवढ्यात तेजस्वीचा फोन आला. मी फोन कानाला लावून वळले, आणि परत बघितलं तर तिचं तोंड बादलीत. तिने मान वर केली तेव्हा नाकातून औषध गळत होतं. मी दोर ओढला. बादली खड्ड्यात ओतली, धुतली, उपडी घातली. मनाला म्हटलं, एवढ्याशाने एवढ्या मोठ्या जनावराला काय होतंय. बाराच्या सुमारास तिच्या तोंडातून लाळ सुरू झाली, पाय थरथरायला लागले. चारला संपली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना नाही, तेजस्वीला नाही, देवळात उभी राहूनही नाही. तू ह्यांना म्हणालीस की जनावर उघडून तपासू या, म्हणजे कारण कळेल. तेव्हा ह्यांच्याआधी मीच ओरडले, काजळीला कापू देणार नाही म्हणून. लोकांना वाटलं, केवढी माया.

तुला वाटेल, ह्यांना एवढी घाबरते का ही? ते हात उगारणारे नाहीत, तू पाहिलं आहेस. पण त्याच्या आदल्या वर्षी विहिरीवरचं झाकण माझ्याकडून उघडं राहिलं आणि वासरू आत पडलं. हे मला एक शब्द बोलले नाहीत. दोन महिने कसलाच शब्द बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, उठायचे. तू तेव्हा रजेवर होतीस. घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मला ते पुन्हा नको होतं. कारण एवढंच आहे, ह्याहून मोठं काढायला गेले तर खोटं होईल.

आता पुढचं. तुझी चिठ्ठी आल्यावर दोन दिवस मी घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फिरत होते. चूल पेटवून विसरत होते. डॉ. सर्वेशना गाठून विचारलं, 'सिद्ध झाली नाही'चं 'निराधार' कसं होतं? ते म्हणाले, "तक्रारदाराने स्वतः लेखी द्यायला हवं, की तक्रार खोटी होती आणि का खोटी होती. पण असं कोण देतं, वहिनी?"

तक्रारदाराची सही ह्यांची आहे. म्हणजे ह्यांना सांगणं आलं.

घरात समोरासमोर जमेना. म्हणून बागेत सांगितलं, काजू गोळा करताना. दोघंही वाकलेले होतो, एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. मी जमिनीकडे बघून बोलत गेले. फोन, बादली, दोर, सगळं. हे थांबले. "बादलेत तोंड घातल्यान?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते पुन्हा वाकले आणि काजू वेचत राहिले, पार कुंपणाच्या गडग्यापर्यंत. त्यानंतर बोलणं बंद.

अकरा दिवस. मी मोजले. बाराव्या दिवशी सकाळी हे धुतलेला सदरा घालून ओटीवर आले आणि म्हणाले, "ओरोसची गाडी कितीक वाजता आसा?"

परवा, चार तारखेला, आम्ही ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, जाऊन आलो. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. ह्यांनी लिहून दिलं की तक्रार चुकीची होती. मी वेगळं दिलं की जनावर कशाने मेलं हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तिथला कारकून म्हणाला, "तुम्ही आधी प्रतिज्ञेवर दिलेलं खोटं होतं असं आज प्रतिज्ञेवर देताय. परिणाम माहीत आहेत ना?" हे म्हणाले, "म्हायत आसा." मला नक्की ठाऊक आहे, त्यांना काही माहीत नव्हतं.

दोन्ही कागदांच्या प्रती सोबत आहेत. आता तरी अर्ज कर. पंचवीस दिवस उरलेत. तू नाही केलास तर हे कागद कुठल्यातरी कपाटात पडून राहतील, आणि आम्ही दोघंच मोकळे होऊ. तसं होऊ देऊ नकोस.

सुशीला बाळा घाडी


तळेरे
दि. २८ एप्रिल २०२५

प्रिय योगिनी,

परवा डॉ. सर्वेश मोटारसायकल अंगणातच उभी करून, हेल्मेट न काढता ओटीवर आले आणि मोबाइलवर निकाल वाचून दाखवला. 'तक्रार निराधार असल्याचे आढळले. नोंद रद्द करण्यात येत आहे. यापुढील कोणत्याही दाखल्यात तिचा उल्लेख येणार नाही.' मी त्यांना तो दोनदा वाचायला लावला. हे शेजारी उभे होते, ते म्हणाले, "परत एकदा वाचा."

तुला हे आमच्या आधी कळलं असणार. तरी लिहिते, कारण एक गोष्ट मागच्या पत्रात मी गाळली होती. तुझ्या नजरेतून ती सुटली नसणार. बादलीपर्यंत सगळं लिहिलं आणि तिथेच थांबले, जणू दुपारी तू येऊन काही विचारलंच नव्हतंस. तुझ्या अर्जावरच्या सुनावणीत ते निघालं, तू ऐकलंस. पण ते मी परिषदेच्या साहेबांना सांगितलं होतं, त्यांनी विचारलं म्हणून. तुला सांगायचं राहिलंच आहे.

त्या दिवशी, सतरा तारखेला, ओरोसच्या कचेरीत गेलो तेव्हा मला वाटलं होतं तू समोर येशील. नवं लुगडं नेसून गेले होते. तिथे भिंतीवर पडदा, आणि पडद्यावर तू. मागे दुधाचे कॅन. केस कापलेस. चष्मा लागला. मी साहेबांकडे बघायचं सोडून तुझ्याकडेच बघत होते. तू खाली कागदात बघत होतीस.

साहेबांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, "डॉक्टरांच्या जबाबात आहे की दुपारी त्या परत आल्या तेव्हा त्यांनी घरच्यांना विषबाधेबद्दल विचारलं होतं. घरच्यांनी नाही म्हणून सांगितलं. आपल्या कागदात ह्याचा उल्लेख नाही. विचारलं होतं का?"

हे माझ्या शेजारी होते. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. तू विचारलंस तेव्हा ते पाणी आणायला विहिरीवर गेले होते.

"विचारलं होतं," मी म्हटलं.

"कितीदा?"

"तीनदा."

तू काजळीचा डोळा उघडून बघितलास आणि म्हणालीस, वहिनी, हिने फवारणीचं काही खाल्लंय का, प्यायलीय का, आठवून सांगा. मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, विष असेल तर त्याचं औषध दवाखान्यात आहे, पंधरा मिनिटांत आणते, पण विष नसेल तर ते उलटं जाईल, म्हणून नीट सांगा. मी नाही म्हटलं. स्कूटरची किल्ली तुझ्या हातात होती. तू तिसऱ्यांदा विचारलंस, माझा दंड धरून. तोवर हे घागर घेऊन येताना दिसले. मी म्हटलं, "नाय गो, खंयचा ता इस? तुझ्या इंजेक्शनानंतरच हिका असा झाला." तू किल्ली खिशात टाकलीस.

काजळी तेव्हा जिवंत होती. अजून दोन तास ती जिवंत होती. चार वर्षं मी बादलीचं पाप उचलून फिरत होते, कारण ते त्यामानाने हलकं होतं. बादली चुकून राहिली. नाही हा शब्द चुकून आला नव्हता.

हे सगळं मी त्या खोलीत बोलले. मग साहेबांनी तुला विचारलं की काही म्हणायचं आहे का. मला वाटलं, आता तू बोलशील, मला नाही नाही ते बोलशील, निदान मासेविक्रीच्या वाक्याबद्दल तरी. तू चष्मा काढलास आणि विचारलंस, "किती प्यायली होती? अंदाजे?"

मी म्हटलं, "दोन-तीन घोट. मी वळले तेव्हा तोंड आतच होतं, त्याआधीचं माहीत नाही."

तू मान हलवलीस. मग साहेबांना म्हणालीस, "मी चार वर्षं त्या सकाळच्या इंजेक्शनची मात्रा मोजतेय. मला वाटायचं, माझ्या हातूनच काहीतरी चुकलं असेल." आणि पडदा काळा झाला. साहेब म्हणाले, लाइन तुटली. मला नाही वाटत लाइन तुटली होती.

योगिनी, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं तुझ्यावर अन्याय झाला, नाव खराब झालं, नोकरी गेली. तू स्वतःच त्या खोट्यावर विश्वास ठेवून बसली असशील, दर वेळी सुई भरताना तुझा हात अडत असेल, हे माझ्या मनात आलं नाही. परिषदेने नोंद पुसली. ह्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. म्हणून साध्या शब्दांत लिहून ठेवते, म्हणजे लागेल तेव्हा वाचता येईल: तुझं इंजेक्शन बरोबर होतं. मात्रा बरोबर होती. तू विचारलेला प्रश्न बरोबर होता. तू तीनदा विचारलास.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. कसाल येईपर्यंत गप्प. मग म्हणाले, "तू माका सांगला असतंस तर मी रागावलो असतंय. दोन म्हयने रागावलो असतंय. पण म्हस वाचली असती. नि त्या चेडवाचीव चार वर्सा." नंतर कणकवलीला उतरून त्यांनी शेंगदाण्याची पुडी आणली आणि अर्धी माझ्या हातात दिली. ते अजून बोलतात माझ्याशी. कामापुरतं, पण बोलतात. मी भीत होते त्यापेक्षा हे वेगळंच निघालं, आणि त्यानेच जास्त लाज वाटते.

अंगणवाडीच्या वरिष्ठांनी माझ्याकडे खुलासा मागितलाय. खोटी तक्रार लिहिणारी सेविका मुलांपुढे असावी का, असं गावातल्या कुणीतरी कळवलं. दत्तप्रसाद असेल, नसेल. मी खुलासा दिला, जे झालं तेच लिहून. काढलं तर काढलं. वाडीतल्या दोन-तीन बाया पाण्यावर माझ्याशी बोलत नाहीत. एक मात्र घरी येऊन म्हणाली की तिच्या रेडकाच्या वेळी तू पावसात चालत आली होतीस, आणि आपणही तेव्हा तुझ्यामागे बोललो ह्याचं तिला वाईट वाटतं. तिला म्हटलं, योगिनीलाच लिही.

मालवणला गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. ह्या वेळी हेही आले. बाजारात, सगळ्यांसमोर, ह्यांनी तुझ्या आईपुढे हात जोडले. आई म्हणाल्या, "माका कित्याक? तिका जोडा." मग मला म्हणाल्या की तुला पुढच्या महिन्यात पुन्हा मुलाखतीला बोलावलंय. तारीख मी विचारली नाही. कळली तर त्या दिवशी तिथवर येऊन उभी राहीन म्हणून.

तू इकडे ये, असं म्हणणार नाही. खोली रिकामी केली आहे, पोती माळ्यावर टाकली, पण ते माझ्या मनासाठी. माफ कर असंही लिहीत नाही. ते मागितलं की द्यावं लागतं, आणि आजवर तुझ्याकडून पुष्कळ घेतलं.

ह्या पत्राला उत्तर नको, असं लिहायला घेतलं होतं. दोनदा लिहून खोडलं. तेही खोटंच झालं असतं, आणि तुझ्याशी आता एकही खोटं बोलायचं नाही. उत्तर हवं आहे. एक ओळीचं असलं तरी, शिव्यांचं असलं तरी.

वाट बघत,
सुशीला